टाकी पुढच्या महिन्यात धुतली होती

तीर्थस्वरूप मामा यांस,

वाकून नमस्कार. (गुडघा परवानगी देतो तेवढीच वाकले आहे. गुडघ्याचं काय झालं ते पुढे येईल, आणि त्यात तुमचाही थोडा हात आहे.) मामींची साखर ताब्यात असेल आणि तुम्हाला नव्या चष्म्याची सवय झाली असेल, अशी आशा आहे. पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे 'नीट दिसलं नाही' ही सबब उरायला नको. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे. पण ठीक असतं तर मी फोनच केला असता.

परवा तुम्ही आईला निरोप दिलात, की तिला म्हणावं अर्ज मागे घे, घरातली गोष्ट घरात मिटवू. आईने तो जसाच्या तसा पोचवला. तेव्हा अर्जाची गोष्ट माझ्याकडूनही ऐका. तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी ती आपल्या सोयीने सांगितली असणार. मी मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन, आणि त्याच वसतिगृहाच्या पाण्याची देखभाल विद्यापीठाने तुमच्या कंपनीला दिलेली. आजवर आपण दोघं घरच्या समारंभात भेटलो की या विषयाला वळसा घालून जेवायला बसायचो. आता वळसा घालायला जागा उरलेली नाही.

झालं असं, की मुलींची पोटं बिघडायला लागली. आधी दोघी-तिघी, मग अख्खा दुसरा मजला. त्यात आमची 'रेडिओ' आहे. पहिल्या वर्षाची मुलगी, जागी झाल्यापासून झोपेपर्यंत बोलते (मधे मधे बातम्याही देते: कुणाचं कुणाशी फाटलं, आज भाजी कच्ची आहे वगैरे). तिला दवाखान्यात सलाइन लावलं आणि ती गप्प पडली. मामा, मी तिला हज्जारदा 'गप्प बस गं' म्हटलं असेल, पण ती खरोखर गप्प बसली तेव्हा एखादी तरी बातमी येईल म्हणून मी तिच्या उशाशी बसून राहिले. डॉक्टरीणबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?" मी मेट्रन, आणि मला सांगता येईना.

एवढंच मला हवं होतं. एक तारीख. विद्यापीठाच्या इंजिनिअरकडे गेले. ते म्हणाले, ते काम आपण बाहेर दिलंय, कंपनीला विचारा. कंपनीत, म्हणजे तुमच्याकडे, आले. तुम्ही बाहेरगावी होतात. समोरच्या मुलीने मला खुर्ची दिली, सीलबंद बाटलीतलं गार पाणी दिलं (तुमच्या ऑफिसात टाकीचं पाणी पीत नाहीत, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं) आणि गोड हसून सांगितलं, की मॅडम, आम्ही माहिती फक्त विद्यापीठाला देतो. परत इंजिनिअरकडे. ते म्हणाले, आम्ही मागितली तर देतील, पण आम्ही कशाला मागू? मी तिथून निघाले आणि माहितीच्या कायद्याखाली रीतसर अर्ज टाकला. ज्या विद्यापीठाचा पगार खाते त्यालाच साधी नागरिक म्हणून प्रश्न विचारला. माहिती अधिकारी माझ्या ऑफिसच्या खालच्याच मजल्यावर बसतात. रोज जिन्यात भेटायचे. अर्ज गेल्यापासून ते मागचा जिना वापरतात.

उत्तर आलं ते असं, की सदर माहिती विद्यापीठाकडे नाही. ती कंपनीकडे आहे, कंपनी खाजगी असल्याने कायदा तिला लागू नाही, आणि शिवाय टाकी धुण्याची पद्धत हे कंपनीचं व्यावसायिक गुपित आहे. मी वाचून एवढी हसले, की स्वयंपाकघरातल्या बायका बघायला आल्या. अहो मामा, मी पद्धत विचारलीच नव्हती! आणि ते गुपित मला पाठ आहे: काथ्याचा ब्रश, ब्लीचिंग पावडर आणि झाकणातून आत मावेल अशी एक भाची. तुमच्याकडे तेव्हा ना कंपनी होती ना ऑफिस. एक शिडी होती आणि मी होते. आतून मी घासायची, वरून तुम्ही हाक मारायचात, "कोपरा राहिला गं ठमे!" आणि धुवून, भरून झाली की त्या टाकीतला पहिला पेला तुम्ही स्वतः प्यायचात, घरमालकासमोर, घटाघटा. "मी प्यालो, आता तुम्ही प्या," म्हणायचात. त्या वेळी तुमच्याइतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

तर, रविवारी दुपारी मी गच्चीवर गेले आणि पदर खोचून टाकीच्या लोखंडी शिडीवर चढले. (उतरताना दुखावला तो हाच गुडघा.) तुमच्या माणसांची रीत मला ठाऊक होती, धुतल्याचा महिना ते टाकीच्या अंगावरच रंगाने लिहितात. लिहिला होता. एकाखाली एक चार महिने, तीन-तीन महिन्यांच्या अंतराचे, एकाच हाताने, एकाच रंगाने, आणि पहिल्या ओळीतून ओघळलेला थेंब थेट चौथ्या ओळीपर्यंत आलेला. त्यातला शेवटचा महिना अजून उजाडायचा आहे. तुमच्या कुणा माणसाने, पुन्हा पुन्हा चढायला नको म्हणून, वर्षभराची स्वच्छता एका दमात रंगवून टाकली होती. झाकण उघडून पाहावं म्हटलं, तर त्याला कुलूप. त्याची किल्ली अर्थात खाजगी.

खाली येऊन रेडिओला सांगितलं. ती नुकतीच दवाखान्यातून आली होती, आवाज अजून बारीक. म्हणाली, "मॅडम, टाकी पुढच्या महिन्यात धुतली ना? मग मीही पुढच्या महिन्यात बरी झाले होते!" मी हसले, मग आत जाऊन थोडी रडले, आणि मग अपील लिहायला बसले.

त्यात मी एकच मुद्दा मांडला आहे. काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही, आणि उत्तरही जात नाही. उद्या विद्यापीठ वर्ग बाहेर देईल, परीक्षा बाहेर देईल. मग मुलींनी काही विचारलं की आम्ही खांदे उडवून म्हणायचं, आम्ही इथे फक्त पाटीपुरते? पाणी मुली पितात. त्यांना विचारायचा हक्क आहे आणि त्यांच्या वतीने मी विचारत राहणार. मला कारणे दाखवा नोटीस आली आहे, 'अनधिकृत आरोहण' असा शब्द वापरलाय. कारणं मी दाखवली: मुलींची नावं आणि प्रत्येकीपुढे तिचा ताप.

तेव्हा मामा, अर्ज मागे घेणार नाही. घरातली गोष्ट म्हणता, तर ते माझं घर आहे आणि त्यात दोनशे मुली राहतात.

मामींना नमस्कार.

तुमची,
ठमी

ता. क. – निरोप पोचवून झाल्यावर आईने फोन ठेवला नाही. म्हणाली, "पण काय गं, टाकी धुतली होती की नाही?" आता अर्जदार दोघी झालो आहोत.

ता. क. २ – खरं काम राहिलंच. अपिलात हुकूम झाला आहे, की सोमवारी सकाळी सगळ्यांसमक्ष झाकण उघडून पाहावं. पण माझ्या पराक्रमानंतर सुरक्षेसाठी म्हणून टाकीची शिडी कापून नेली आहे. इंजिनिअर म्हणतात, शिडी कंपनीची. कंपनी म्हणते, शिडीची माहिती देता येत नाही. तरी तुमच्या माळ्यावरची ती जुनी लाकडी शिडी कृपया पाठवावी. किंवा असं करा, स्वतःच घेऊन या, किल्लीसकट. माझ्या लहानपणी मी चढताना तुम्ही धरायचात तशी मी खालून घट्ट धरेन. काळजी नको.

ता. क. ३ – पेला मी आणते. झाकण उघडल्यावर पहिला तुमचा. नाही प्यालात तरी चालेल. मला माहिती मिळाली, असं मी समजेन.