खाटेवरची पाटी

भोर,
८ जानेवारी २०२६

ती. रत्नाआत्यास,
प्रेरणाचा सा. न. वि. वि.

पालीत तुमच्या मोबाईलला रेंज नसते, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. मी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर झाले, हे आबांनी कळवलंच असेल. आल्याआल्या मी प्रत्येक खाटेवर पाटी लावली, या पेशंटची आजची सिस्टर कोण याची. पाळी बदलताना दोघी सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून, पेशंटच्या देखत, काय केलं नि काय राहिलं ते सांगतात.

दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्षसाहेब भडकले. म्हणाले, काही चुकलं तर नातेवाईक त्या सिस्टरला धरतील आणि मग दवाखान्याला. मी म्हटलं, नाव त्यासाठीच आहे. आता संक्रांतीच्या आत पाट्या काढून माफी माग, नाहीतर इन्चार्जपद सोड, असा हुकूम आहे. आबा म्हणतात, वाकून घे. आत्या, मला नाही वाकायचं.

तुमचं ऑपरेशन अजून किती पुढे ढकलणार? रागावून का होईना, कळवा. लोभ आहेच.

तुमची,
प्रेरणा

पाली,
११ जानेवारी

चि. प्रेरणास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा आबा लहानपणापासून लई भित्रा, त्याचं काय ऐकतेस! ह्यांना पुण्यात ठेवलं होतं तेव्हा पडून पडून पाठीला जखमा झाल्या. ही सिस्टर म्हणे कूस तिनं बदलली असेल, ती म्हणे हिनं. हे गेले, आणि भांडायचं कुणाशी ते मला आजवर कळलं नाही. तेव्हापासून दवाखान्याची धास्ती बसली. गुरांकडं कोण बघणार, हे ऑपरेशन टाळायचं नुसतं निमित्त.

माफी मागू नकोस. तिळगूळ पाठवते आहे. सगळ्यांशी गोड बोल, तेवढे अध्यक्ष वगळ. संक्रांत झाली की मी भरती व्हायला येते. खाटेवर पाटी नसली तर मी आडवी होणार नाही, सांग त्यांना.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
रत्नाआत्या

भोर,
१५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न.

माफी मागितली नाही. काल पद गेलं, पाट्याही उतरवल्या. मी साधी सिस्टर म्हणून वॉर्डात आले. दुपारी पाळी बदलताना आमची शेफाली आपणहून एका आजींच्या खाटेपाशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, माझं नाव शेफाली आणि रात्रीपर्यंत या आजी माझ्या. मग मंगल बोलली, मग सगळ्याच. अध्यक्ष दारात उभे राहून ऐकत होते. आज तर पेशंटच प्रत्येक सिस्टरला नाव विचारतात.

तेव्हा खुशाल या. पाटी नसेल, मी असेन. कूस बदलायची राहिली, तर भांडायचं कुणाशी हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचीच,
प्रेरणा