तारखा जुळल्या नाहीत

अहो,

इतकी वर्षं तुमच्यावर ठेवलेला एक ठपका आज मागे घ्यायचा आहे. तुम्ही होतात तेव्हा हे जमलं नाही.

आपली रेवा तीन-चार दिवस न झोपता बडबडत राहिली, की मी म्हणायचे, बाबा येणार म्हणून. महिनाभर अंथरुणातून उठली नाही, की बाबा बोटीवर गेले म्हणून. तुमची आईही तेच म्हणायची, "पोरीला बापाची सय येते गो." खलाशाच्या घरात दुसरं कारण कोण शोधतो? फोनवर तुम्हाला किती बोलले मी! तुम्ही ऐकून घेतलंत. उलट का नाही बोललात?

मागच्या वर्षी तुम्ही कायमचे गेलात. आठ महिन्यांनी रेवा पुन्हा तशीच उसळली. पहाटे सायकल काढून एकटी आरे-वारेच्या किनाऱ्याला निघाली. वर्गात सांगितलं, मी बोट बांधणार आहे. तेरा वर्षांची पोर! आता घरी कोण येणार होतं?

तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी असं कधी-कधी झालं, त्या तारखा विचारल्या. मी तिच्या शाळेच्या डायऱ्या काढल्या, गैरहजेरी आणि बाईंचे शेरे असलेल्या, आणि तुमची सीडीसी, बोटीवर चढल्या-उतरल्याचे शिक्के असलेली पुस्तिका. शेजारी ठेवून पाहिल्या. ती सर्वांत जास्त उसळली तेव्हा तुम्ही ब्राझीलजवळ होतात. घरी यायला अजून चार महिने होते. सर्वांत खोल बुडाली तेव्हा तुम्ही घरी, तिच्या उशाशी. मीच मनात सगळं जुळवून घेतलं होतं.

आणखी चार भेटींनंतर डॉक्टरांनी नाव सांगितलं, बायपोलर. म्हणाले, "हा आजार आहे. कुणाच्या जाण्यायेण्याने झालेला नाही. सांभाळता येतो."

सांभाळतो आहोत. गोळ्या, ठरलेल्या वेळी झोप, रक्ताची तपासणी. तिची झोप, बोलणं, हसणं मी रोज वहीत लिहिते. पहिल्या गोळ्या तिने तुळशीच्या कुंडीत पुरल्या! आता घेते. शाळेत बाईंना माहीत आहे. गेल्या आठवड्यात स्वतःच म्हणाली, "आई, डोकं फार पळतंय. डॉक्टरांना फोन कर." मला पहिल्यांदा धीर आला.

काल मात्र ती पोट धरून हसत होती आणि मी वही उघडली.

"आई, आजी मांजराला 'या, बसा' म्हणाली म्हणून हसतेय! हेही लिहिणार?"

शब्द देते. गोळ्या, झोप, तपासणी यांत कसूर होणार नाही. आणि पुढच्या वेळी ती हसली, की आधी विचारीन, काय झालं गो? मलाही सांग.

तुमची,
शैला