तीन नंबरचा आकडा चार नंबरला

४ जानेवारी १९९९, सोमवार

माझ्या प्रोग्रामला कोणीतरी हात लावलाय. नक्की!

सकाळी ऑफिसात पाय ठेवला तोच डॉ. उदयसिंहांचा फोन. बडा गणपतीजवळ त्यांची लॅब आहे, तिथे माझाच प्रोग्राम चालतो — मशीन रक्त तपासतं, आकडा वायरीतून कॉम्प्युटरात येतो, पेशंटच्या नावापुढे बसतो, रिपोर्ट छापून बाहेर. सहा महिने चाललाय. आणि आता म्हणे इंदुमतीबाई नावाच्या पेशंटची शुगर ब्याण्णव छापून आली. बाई खुश! दोन दिवस मनसोक्त गोड खाल्लं. काल बेशुद्ध. दवाखान्यात नेल्यावर चारशेच्या वर निघाली. अजून तिथेच आहेत.

डॉक्टर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "शलाकाजी, या तो आपका प्रोग्राम झूठ बोल रहा है, या मेरी उषा."

उषा म्हणजे काउंटरवरची मुलगी. नाव टाइप करणं, ट्यूब लावणं, बटण दाबणं, सगळं तीच करते.

मी फोन ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा रजत माझ्याकडे बघत होता. फोन माझा, मग हा का बघतो?

५ जानेवारी

ओळ न ओळ वाचली. चूक नाही. ऑफिसात मशीन नाही, म्हणून मशीनच्या जागी खोटे आकडे देणारी एक छोटी फाइल आहे. तिच्यावर पन्नास पेशंट चालवले — पन्नासच्या पन्नास बरोबर. मग लॅबमध्येच का बिघडतं?

रजतला विचारलं, ही फाइल तू उघडली होतीस का. नाही म्हणाला. जरा जास्तच लवकर नाही म्हणाला.

ऑफिसात प्रोग्राम लिहिणारे आम्ही दोघंच. तो सव्वीसचा, इंजिनियरिंगची डिग्री. मी अडतिसाव्या वर्षी भंवरकुआंला क्लास लावून शिकलेली — तिथली पोरं मला आंटी म्हणायची. हे त्याला माहीत आहे. इतका 'जी, जी' करतो ना, तेव्हाच मनात काहीतरी असतं.

७ जानेवारी

रजत आज दोनदा खाली एसटीडी बूथवर गेला. ऑफिसात फोन असताना!

८ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सात वाजता लॅबमध्ये जाऊन उषाच्या मागे स्टूल टाकून बसले. उपाशीपोटी आलेल्यांची ही गर्दी, जो तो म्हणतो आधी माझं घ्या. दोन तासांत एकेचाळीस पेशंट. एकही चूक नाही.

म्हणजे मी समोर असताना करत नाही. मी नसताना करते.

तिला म्हटलं, खरं सांग, ट्यूब बदलतात का तुझ्याकडून? ती म्हणाली, "दीदी, मैं तो वही दबाती हूँ जो आपने सिखाया." नजर खाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिचे वडील ह्यांच्याच मिलमध्ये कताईखात्यात होते. मिल बंद पडल्यापासून घरात कमावणारी ही एकटीच. असं माणूस आपली चूक कबूल करेल कशाला?

१० जानेवारी, रविवार

हे आज रविवारी पण आठ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर! विचारलं तर म्हणे सियागंजला जरा काम आहे. रविवारी बाजार बंद असताना सियागंज? मागोमाग ऑटो केली. लाज वाटली पण केली.

मिलच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. कुलूप लागलेल्या फाटकाकडे तोंड करून. बरोबर जुने चार-पाच जण. सात वर्षं झाली मिल बंद होऊन. सतरा वर्षं तिथे टाइमकीपर होता हा माणूस — दिनानाथजींच्या घड्याळावर मिलचा भोंगा लावा, असं लोक ह्यांच्याबद्दल म्हणायचे. आता घराचं घड्याळ बंद पडलं तरी सेल घालत नाहीत.

मी तशीच परत आले. रडले, खरं तर.

१२ जानेवारी

दुसरी चूक. धडधाकट शाळामास्तरांना तीनशे ऐंशी. बिचाऱ्यांनी घाबरून गोळ्या सुरू केल्या आणि वर्गातच चक्कर येऊन पडले.

डॉक्टरांनी समोर बसवून घेतलं. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत एक काहीतरी जाणार — प्रोग्राम नाहीतर मुलगी. तुम्ही सांगा, चूक कोणाची?

प्रोग्राम गेला तर आमचं ऑफिस मला ठेवणार नाही. मग आम्ही दोघंही फाटकासमोर बसू. पण मी काही त्यासाठी खोटं बोलले नाही! मला खरंच वाटतं तेच बोलले — प्रोग्राम तपासलाय सर, चूक माणसाची आहे.

उषा काचेपलीकडे ट्यूब धूत होती.

१४ जानेवारी, संक्रांत

संध्याकाळी उषा घरी आली. डब्यात तिळगूळ, तिच्या आईने केलेला. ह्यांच्या पाया पडली. मग दारात घुटमळली आणि म्हणाली, मी एकदा डॉक्टरसाबशी बोलावं, ती ट्यूब बदलत नाही, तिला नंबर पाठ असतात.

बघते म्हटलं. लाच घेऊन आली होती, हे काय मला कळत नाही? तिळगूळ मात्र चांगला झालाय.

१६ जानेवारी, शनिवार

उषाला काढलं. सध्या डॉक्टर स्वतःच काउंटरवर बसतात, एका बोटाने टाइप करत.

१८ जानेवारी

रजतचं बूथचं गुपित फुटलं. बंगलोरला नोकरी! सन दोन हजारात कॉम्प्युटरांच्या तारखा चुकणार, त्या भानगडीसाठी तिकडे म्हणे माणसं मिळत नाहीत. आजच निघाला. जाताना वाकून पाया पडला. तो गेल्यावर त्याचा खण उघडून बघितला — माझ्या फाइलची कॉपी नाही, फ्लॉपी नाही, काही नाही. एक पेन आणि जिरावन मसाल्याची पुडी.

म्हणजे हा नव्हता.

२१ जानेवारी, गुरुवार

बरं झालं की वाईट झालं, कळत नाही.

सकाळी कुकर लावला होता. हे भाजी निवडत बसलेले. सहज मिलची गोष्ट निघाली. त्यांच्या ऑफिसला एकच खिडकी, आत हे एकटे. कामगार रांगेने बिल्ला देणार, हे हजेरीपटात त्याच्या पानावर खूण करणार. एकदा बिल्ला हातात घेतला आणि खूण करायच्या आत पुढच्याने घाई लावली — माझं पान काढा, मला शिफ्टला उशीर होतो. ह्यांनी त्याचं पान काढून दिलं. मग हातातल्या बिल्ल्याची खूण केली — समोर उघडं होतं त्या पानावर! पहिल्याचा दिवस कापला गेला. तो महिनाभर भांडत होता, आणि हे सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगत होते, मी तर बरोबरच खूण केली.

"त्या दिवसापासून एक नियम केला," म्हणाले. "हातातला माणूस पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याचं पान उघडायचं नाही. बाहेर कितीही ओरडू देत."

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मोजल्याच नाहीत. डाळ लागली.

२२ जानेवारी

माझीच चूक. इथे तरी लिहिते.

कॉम्प्युटरवरची खिडकी अगदी ह्यांच्या खिडकीसारखीच असते. आत कारकून एक. बाहेर रांग — क्लिक, दाबलेली कळ, 'पडदा पुन्हा रंगव' हा निरोप — सगळे एकाच रांगेत, एकामागून एक. मशीनला आकडा द्यायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ कारकून वायरीला कान लावून बसला की रांग तुंबते. पडदा पांढरा, काहीच हलत नाही. दिवाळीनंतर लॅबमध्ये हेच व्हायचं आणि उषा घाबरून कॉम्प्युटरच बंद करायची. तेव्हा मी त्या वाट बघण्यात एक शब्द घातला, डूइव्हेंट्स. म्हणजे काय, तर जरा थांब, रांगेतलं उरकून ये, मग हे पुढे चालू कर. पडदा हलायला लागला. डॉक्टरांनी कचोरी मागवली होती.

आणि रांगेत उषाचीच पुढची क्लिक असेल तर? तीन नंबरचं रक्त मशीनमध्ये आहे. गर्दी कावलीय, म्हणून ती तेवढ्यात चार नंबरचं नाव उघडते. कारकून तीनचं काम अर्धं सोडून चारचं पान काढतो. तेवढ्यात मशीन बोलतं. आणि मी तर लिहून ठेवलंय — आलेला आकडा पडद्यावरच्या पेशंटपुढे बसव! पडद्यावर चार.

ऑफिसात खोटा आकडा क्षणात येतो, मधे शिरायला कोणाला वेळच नसतो. त्या दिवशी मी मागे बसले म्हणून उषा भीतीने सावकाश काम करत होती. डॉक्टर तर एका बोटाचे. पोरगी हुशार होती, चटपटीत होती, म्हणून अडकली!

मागची वही काढली. १२ नोव्हेंबर, माझंच अक्षर: 'रजत म्हणतो हा शब्द घालू नका, एका क्लिकच्या पोटात दुसरी शिरेल. म्हणतो वाट बघणंच काढून टाका, आकडा आला की तोच रांगेत येऊन उभा राहू दे. जळतो मेला.'

२३ जानेवारी, शनिवार

दुरुस्त केला. तो शब्द काढला. आता कारकून वाट बघतच नाही. आकडा आला की तो आपला रांगेतून येतो, आणि कोणाचा आहे ते सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं असतं. तासाभराचं काम. लॅबमध्ये बसवून आले. डॉक्टरांना म्हटलं, थोडी साफसफाई केली.

साफसफाई!

२७ जानेवारी

डॉक्टर फोनवर एकदम मोकळे. "देखा? उषा गई, गलतियाँ बंद." इंदुमतीबाई घरी आल्या, मास्तरही बरे आहेत. मी विचारलं, नोव्हेंबरपासूनच्या लोकांना पुन्हा बोलावून तपासायचं का? कशाला, म्हणाले, लोकांच्या मनात उगाच वहम, संशय.

किती जणांचे आकडे इकडचे तिकडे झाले, मला सांगता येत नाही. प्रोग्रामने खूणच ठेवलेली नाही. कोणीतरी आत्ता ब्याण्णवचा कागद बघून चहात साखर घालत असेल.

२९ जानेवारी, शुक्रवार

उषा भाजीबाजारात दिसली. मला बघून तिनेच रस्ता बदलला. मी चोर, आणि तोंड लपवते ती.

ठरलं. उद्या आंघोळ करून सरळ डॉक्टरांकडे. चूक माझी, उषाला परत घ्या, सगळ्यांना परत तपासा. नोकरी गेली तर गेली. ह्यांना तिथून परत आल्यावर सांगेन.

३० जानेवारी, शनिवार

लॅबमध्ये गेले. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरच म्हणाले, "काउंटर पर कोई भरोसे का आदमी चाहिए. दिनानाथजी को भेज दीजिए ना."

हो म्हणून परत आले. सोमवारपासून. हे सात वर्षांनी आज घड्याळात सेल घालत होते. मी सोमवारसाठी ह्यांचा शर्ट इस्त्रीला काढला.