आल्याच्या वावरातल्या पितळी गुंड्या

फुलंब्री

तीर्थस्वरूप आक्का यांस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, भामाचा, वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? साखर तपासली का? (नसेल तर आधी तपासून या, मी थांबते.) फोनच करणार होते, पण तुम्हाला ऐकू जात नाही, आणि मी ओरडले की आमची सगळी गल्ली तुमच्या वतीनं मला उत्तरं देते. म्हणून पत्र.

तर झालं असं. नागपंचमीच्या आगेमागे आल्याला मातीची भर लावत होते, तर खुरप्याला टणकन काहीतरी लागलं. पितळी गुंडी. वर सिंहाचं तोंड, मागं कडी. त्याच सरीत आणखी दोन. आक्का, मी बघताक्षणी ओळखल्या. तुमच्या भावाच्या बँडच्या कोटाच्या. गावोगाव डीजे आला, बँडच्या सुपाऱ्या बंद झाल्या, तेव्हा त्यांनी तो लाल कोट आपल्या हातानं उकिरड्यात टाकला होता. (क्लॅरिनेट विकलं, पण कोट कोणी घेईना.) कोट कुजला, शेणखताबरोबर वावरात गेला, गुंड्या तेवढ्या राहिल्या. मी बांधावर बसून त्या पदरानं पुसत होते, तेवढ्यात आप्पासाहेब आले. हे आमचे माजी सरपंच. पद गेलं, भाषण राहिलं. त्यांनी गुंडी उन्हात धरली न् म्हणाले, "वहिनी, निजामाच्या घोडदळाची हाय ही. तुमच्या वावरात लढाई झालीय!"

मी तोंड उघडलंच होतं. पण ते बांधावरून माझ्याबरोबर घरी आले, ओट्यावर टेकले आणि त्यांनी चहा मागितला. तुमचे भाऊ गेल्यापासून त्या ओट्यावर चहाला कोणी बसलं नव्हतं. मी आत जाऊन आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून जत्राच. करमाडहून माणसं आली, बिडकीनहून आली. शहरातून एक इम्रान नावाचा तरुण धातू शोधायचं यंत्र घेऊन आला. (त्या यंत्रानं बाटल्यांची बुचं, नांगराचा तुटका फाळ आणि माझं हरवलेलं खुरपं शोधलं.) कपबश्या पुरेनात, शेजारून आणल्या. आप्पासाहेबांच्या लढाईत आधी घोडे होते, आठवड्याभरात हत्ती आले. मी रोज ठरवायची, आज सांगून टाकते. मग कोणीतरी म्हणायचं, काकू, चहा लई झकास, आणि तो दिवस तसाच जायचा.

पण माणसांच्या पायाखाली दोन सऱ्या आलं तुडवलं गेलं, आणि आप्पासाहेबांनी वीरांचा चबुतरा बांधायची घोषणा केली. तेव्हा मात्र मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या आमच्या ह्यांच्या कोटाच्या गुंड्या हायेत."

आप्पासाहेब इतके मायेनं हसले, की मला रडूच आलं. "वहिनी, दुःखानं वाटतं माणसाला तसं."

तेवढ्यात यंत्र वाजलं. मातीतून पट्ट्याचं बक्कल निघालं. इम्राननं ते पाण्यानं धुतलं आणि मोठ्यानं वाचलं, "न्यू गुलशन ब्रास बँड, फुलंब्री."

हातातला चहा सगळ्यांनी संपवला, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मी पातेलंभर चहा केला. मी एक कप प्याले, बाकीचा गार झाला. संध्याकाळी आप्पासाहेब आले, एकटे. पायरीशीच उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या वरातीत त्यांनीच वाजवलं होतं. ते ऐकून आमची ही पहिल्यांदा हसली, फेट्याच्या झिरमिळ्यांआडून दिसली मला. मी पार विसरलो होतो, वहिनी." त्यांची मंडळी मागच्या साली वारली, तुम्हाला माहीतच आहे. मी त्यांना एक गुंडी दिली. त्यांनी ती खिशात ठेवली, वर हात ठेवला आणि भाषण न करता घरी गेले. आप्पासाहेबांना असं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

असो. इकडची काळजी नसावी. मी मजेत आहे. पोराबाळांना आशीर्वाद.

तुमची
भामा

ता. क. 'मजेत' हा शब्द पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिला.

आणखी एक. आलं काढायला माणसं मिळत नाहीत, तेव्हा देखरेखीला तुम्ही या, असं लिहिणार होते. खोटं आहे. माणसं मिळतात. पण ती दिवस मावळला की आपापल्या घरी जातात. तुम्ही या, आक्का. आणि निघताना पोरांना परतायची तारीख सांगू नका.