पायांवरचं न्हाणं

परळ, मुंबई
१७ मार्च १९६०

प्रिय कमल,

अनेक आशीर्वाद. पुढच्या महिन्यात माहेरी यायचं म्हणून तू आत्तापासूनच ट्रंक भरायला घेतलीस, हे वाचून हसू आलं. मग मात्र लगेच हे पत्र लिहायला बसले.

माझ्या पाठीचं आम्ही तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. चाळीत सगळ्यांना वाटतं, मला मोर्चात लाठी बसली. बसली असती तर सांगायला तरी बरं होतं. मी नुसती कळशी उचलायला वाकले आणि पाठीत काहीतरी कटकन वाजलं. महिनाभर तेल चोळलं, शेक घेतला. शेवटी तुझे बाबा हॉस्पिटलात घेऊन गेले. फोटो काढला, मणका चेपलाय म्हणाले. पाळी लवकर गेली की काही बायकांची हाडं आतून विरळ होतात म्हणे. माझी तर चाळिशीतच गेली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, माझं मुंगीच्या पावलानं आलं. आधी उंची किती होती, असं डॉक्टरांनी विचारलं. मला कधी कोणी मोजलंय? तर तुझे बाबा म्हणाले, ही माझ्या कानाला लागायची, आता खांद्याला लागते. या माणसाचं माझ्याकडे एवढं लक्ष होतं, हे मला तिथे कळलं.

आता गोळ्या, माशाचं तेल, दूध, सकाळचं ऊन आणि कमरेला जाड पट्टा. पट्ट्यात मी हवालदार दिसते, असं शेजारची अंबिका म्हणते. चेपलेला मणका काही पूर्वीसारखा होणार नाही, पण जपलं तर बाकीचे टिकतील. वजन उचलायचं नाही, पुढे वाकायचं नाही. मी सगळ्याला मान डोलावून आले.

तुला ठाऊक आहे, या चाळीतली निम्मी पोरं माझ्याच पायांवर न्हाली. गेल्या सोमवारी खालच्या मजल्यावरची ललिता आपलं दीड महिन्याचं बाळ घेऊन आली. मला नाही म्हणवेना. पट्टा सोडला, मोरीत पाटावर पाय लांब करून बसले, बाळाला पालथं घेतलं. दोन तांबे ओतले आणि पाठीत अशी कळ आली की माझे हात सुटले. तेलानं निसरडं झालेलं पोर दगडाकडे घरंगळलं. अंबिका पाणी द्यायला उभी होती, तिनं धरलं. बाळाला काही झालं नाही. ललिता त्याला घेऊन खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती आली नाही.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. कमल, तू ये. पहिलं बाळंतपण इथेच व्हायचं. तुझं खाणंपिणं, डिंकाचे लाडू, सगळं बघते. बाळाला अंघोळ अंबिका घालेल, तिला तसं सांगून ठेवलंय. पण मी माझा स्वभाव ओळखून आहे. नातवंड रडायला लागलं की मी पट्टा सोडीन, बरं वाटतंय म्हणेन, रुसेन, तुला शपथ घालीन. तेव्हा हे पत्र मला वाचून दाखव. मी कितीही हात पुढे केले, तरी माझ्या पायांवर बाळ देऊ नकोस.

तुझीच,
आई