वीसपर्यंत मोज

३ तारीख, सोमवार
आज कामाचा पहिला दिवस, आणि तो फार छान गेला. फळांचं कोल्ड स्टोरेज आहे. लांब व्हरांडा, त्याच्या एका बाजूला सहा थंड खोल्या. प्रत्येकीला वीतभर जाडीचं दार आणि दारात वहीच्या पानाएवढी काच. खोली सफरचंदांच्या क्रेटनी भरली की दार बाहेरून बंद करतात, यंत्राने आतल्या हवेतला प्राणवायू काढतात आणि सहा महिने उघडत नाहीत. मुकादम म्हणाले, आपण फळांना झोपवतो. मला हसू आलं.

दार आतून उघडत नाही. म्हणून इथे एक नियम आहे. आत जाताना आपला पितळी बिल्ला दाराबाहेरच्या खिळ्यावर अडकवायचा आणि बाहेर आलं की काढून खिशात ठेवायचा. खिळा रिकामा असेल तरच मुकादम दार लावतात. माझा बिल्ला अकरा नंबरचा.

भाऊजींनी शब्द टाकला म्हणून ही नोकरी मिळाली. आधीच्या दोन गेल्या, एक लिफ्टमुळे, दुसरी तळघरामुळे. बंद जागेत माझा श्वास अडकतो. मी ताईकडेच राहतो. माझ्यामुळे तिला सासरी मान खाली घालावी लागू नये, म्हणून ही टिकवायचीच.

५ तारीख, बुधवार
आत जाताना तळहात ओले होतात. बिल्ला अडकवतो, दोन पावलं जातो, परत येऊन बघतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. सोबतचा हमाल ताडमाड उंच आहे, त्याला सगळे शिडी म्हणतात. त्याने माझं नाव 'तीनदा' ठेवलं. म्हणाला, तुझ्या बायकोला घरातून निघायला रोज दुपार होणार, तू कुलूप ओढून बघत बसशील. मुकादमांनी माझी बाजू घेतली. इथे भित्रेच म्हातारे होतात म्हणाले.

८ तारीख, शनिवार
वाईट स्वप्न पडलं. मी चार नंबरच्या खोलीत आहे आणि दार बाहेरून लागतं. काचेतून मुकादम बघतात, पण क्रेट बघावेत तसे माझ्यावरून नजर फिरवतात. मी दारावर बुक्क्या मारतो, त्यांचा आवाजच होत नाही. खिसा चाचपतो तर रिकामा. म्हणजे बिल्ला बाहेर खिळ्यावर आहे, तरी कोणी उघडत नाही. ताईने पायाचा अंगठा हलवून उठवलं तेव्हा मी ओरडत होतो.

लहानपणी तिला विहिरीची स्वप्नं पडायची. तिने आपला उपाय सांगितला. "दार बडवत बसू नकोस. खाली बस, डोळे मीट आणि वीसपर्यंत मोज. जाग येते."

११ तारीख, मंगळवार
तेच स्वप्न. खाली बसलो, मोजलं. अठरावर जाग आली. ताईला सांगितलं तर म्हणाली, बघ, शाळेत शिकलेलं काहीतरी उपयोगी पडलं.

१४ तारीख, शुक्रवार
स्वप्न रोज पडतं आणि रोज लांबतं. आता त्यात दिवाही जातो, आणि हवा संपत जाते. दोनदा वीस मोजावे लागतात.

पण एक नवल आहे. दिवसा भीती वाटेनाशी झाली. आज दोन तास आत होतो, तळहात कोरडे. सगळी भीती जणू झोपेतच खर्च होते. बिल्ला एकदाच बघितला. शिडी म्हणाला, आता तुला नवं नाव शोधायला हवं. मुकादमांनी स्वतः जाऊन खिळा बघितला. घरी भाऊजींनी पाठ थोपटली.

१८ तारीख, मंगळवार
दोन्हीकडे तीच खोली, तीच काच, वरच्या क्रेटचा तोच फुटका कोपरा. गोंधळ होऊ नये म्हणून एक खूण धरली आहे. भीती वाटली तर स्वप्न, नाही वाटली तर जाग.

काल दुपारी क्रेट रचताना मी मध्येच खाली बसलो आणि मोजू लागलो. शिडीने खांदा धरून हलवलं. का बसलो, आठवत नाही.

२० तारीख, गुरुवार
झोप नाही. बिल्ला अडकवल्याचं नीट आठवत होतं. संध्याकाळी तो खिशात सापडला. दिवसभर तिथेच होता. घाबरायला हवं होतं. घाबरलो नाही. ताईला सांगितलं नाही.

२२ तारीख, शनिवार, दुपार
चार नंबर भरली. आज बंद करायची होती. मागच्या रांगेतला एक क्रेट सरळ करायला आत गेलो. दार लागलं. काचेत मुकादमांचा चेहरा. नजर क्रेटवरून फिरली.

मी दार बडवलं नाही. क्रेटच्या आड खाली बसलो, डोळे मिटले. वीस झाले. परत वीस.

डोळे उघडले. काचेत कोणी नाही. दिवा गेलेला. व्हरांड्याचा उजेड काचेतून येतो, तेवढ्यात लिहितोय, वही शर्टात खोचलेलीच असते.

खिशात हात घातला. बिल्ला. स्वप्नात खिसा रिकामा असतो.

आणि भीती वाटत नाही. म्हणजे —

बडवलं. या वेळी आवाज होतो. पण यंत्र सुरू झालंय, त्याच्यापुढे — शनिवारी दुपारनंतर सगळे घरी — आणि सोमवारीही ही खोली कोण —

ताई जेवायला थांबली असेल. तिला वाटेल, ही पण सोडून —

श्वास आखूड. अक्षर वाकडं येतंय.

आत्ता तळहात ओले. भीती वाटतेय. खूप.

बरं झालं. भीती फक्त स्वप्नातच वाटते. मीच खूण धरली होती.

ताई अंगठा हलवेल. बसतो. मोजतो.

एक. दोन. तीन. चार — पाच —

नऊ

दहा

अक