तळ्याच्या मधातला खांब

उतईजवळून,
सोमवार, २१ एप्रिल २०२५

चि. धनंजयले आजीचे आशीर्वाद, पोचले तं ठेवून घेजो. मी बरी आहो. गुडघा बरा नाई, पण तो माया आहे, त्याची खबर कोण घेते. तिकडं सेक्टर सहात तुये आई-बाप खुशाल असतीन. तुया बहिणीची, मोनाची परीक्षा कशी गेली ते तिलेच विचारजो, तुया आईले विचारशील तं ती चांगलीच सांगीन.

तू फोन उचलून नाई राहिला, म्हणून हा कागद. लिहून राहिली ममता. आमच्या रोजगार हमीच्या कामावरची मेट, बायकांची हजेरी घेते ती. नागपूरकडून इथं हिंदी मुलखात आलेली सून, म्हणून मराठी लिहिता येते. मी बोलते तसंच लिही म्हटलं, तं म्हणते, "काकू, काही शब्द मी नाई लिहीन." म्हणून जिथं मोकळी जागा दिसन तिथं समजून घेजो की आजी काहीतरी बोलली आहे. तिचा घरवाला रोशन प्लांटात ड्यूटीवर जाताना हा कागद तुया दारात टाकीन.

आता कामाची गोष्ट. तू मोजणारा साहेब, तुले शिकवणारी मी कोण? पण त्या दिवशी तळ्यावर आला तं तुले घाई होती, म्हणून बसून सांगते. तळं खोदताना मधात जुन्या जमिनीचा एक खांब तसाच ठेवतेत. त्याच्या माथ्यापासून खालपर्यंत टेप लावला की बायकांनी किती खोल खोदलं ते समजते. तू मोजशील तं मजुरी, नाई मोजशील तं होळीपासूनची मेहनत मातीत. हे तुले ठाऊक आहे. आता तुले जे ठाऊक नाई ते सांगते.

चहूकडची जमीन खाली गेली आणि तो खांब एकटाच उभा राहिला, तं बायकांले तो महादेव वाटला. बेलाच्या झाडापासून दहा पावलांवर एकटा उभा असलेला कोणीही महादेवच वाटते. एका सोमवारी कोणी पाणी घातलं, दुसऱ्या सोमवारी कोणी माथ्यावर गोटा ठेवून गुलाल लावला, मंग दर सोमवारी माती-शेणानं सारवण सुरू झालं. सारवता सारवता देव वाढला. तू आला तेव्हा माथा ओला होता. तू म्हणाला, "ऊपर से मिट्टी चढ़ाई है, बनावट है." टेप खिशातून काढला बी नाई.

माथा चढला होता हे खरं. पण सारवणाच्या खाली जुन्या जमिनीचं गवत आहे, वाळलेलं, मुळासकट. सारवण फोडलं की दिसते. आमी आधीच फोडलं तं तू म्हणशील, आता खांब कापला. म्हणून तुयासमोरच फोडाव लागते. त्यात एक अडचण आहे. बायका म्हणतेत, देवावर कुदळ कोण टाकीन? ममता मेट आहे, पण ती बी हात मागं घेते. ते मी पाहून घेते. तू ये.

पुढच्या सोमवारी तांदुला धरणाच्या कॅनॉलचं पाणी सोडणार आहेत तळ्यात, उन्हाळ्यातल्या आंघोळी-धुण्यासाठी. मंग टेप घेऊन पोहाव लागीन तुले, आणि पोहायचं तं तुले कधी जमलं नाई.

त्या दिवशी एवढ्या उन्हात तू पाणी न पिता गेला, एवढं मनात राहिलं. बाकी त्या दिवसाचं काही नाई. ममतानं इथं पेन थांबवला. मी म्हटलं, लिही, काही नाई.

तुई वाट पाहणारी,
आजी


गुरुवार, २४ एप्रिल

चि. धनंजयले आशीर्वाद.

तुयं उत्तर ममताच्या मोबाइलवर आलं. "नियम से होगा." आजीच्या दोन पानांले एवढंसं उत्तर. तुया आजा बी असाच होता, पण तो निदान संग हुंकार भरत होता.

देवाचं काम झालं. काल दुपारी मी बायकांले म्हटलं, देव फोडायचा नाई, देव न्यायचा. एक म्हणाली, "दाई, देवता मानही का?" देव मानीन का म्हणे. मी म्हटलं, विचारलं मी त्याले. तो म्हणाला, इथं पाणी येणार आहे आणि मले पोहता येत नाई, काठावर घेऊन चला. हसल्या. मंग गुलालाचा गोटा मी पदरात घेतला, नारळ फोडला, आणि देवाले पिंपळाखाली बसवलं. आता तळ्यात उरला तो नुसता मातीचा खांब आहे. माथ्याले कोणी हात लावला नाई. तुया कुदळीचं पाप कोणाले लागणार नाई.

इथंच कागद संपवणार होती. पण ममता म्हणते, "काकू, खरी गोष्ट लिहा, नाई तं मी हा कागद फाडते." तिचा बी हक्क आहे. बनावट शब्द तिलेच लागला, सगळ्यांसमोर.

तं लिही बाई.

त्या दिवशी तुया मोठा साहेब गाडीपाशी उभा होता. मी खड्ड्यातून लोटा घेऊन वर आली. म्हटलं, "धनू, पाणी पी बाबू." तू म्हणाला, "माताजी, आप किनारे हो जाइए." आवाज चांगला होता. एवढ्या आदरानं माणूस परक्या बाईशीच बोलते. मागून एक जण म्हणाली, "दाई, तोर नाती तोला नई चिन्हिस." नातवानं तुले ओळखलं नाई म्हणे. मी म्हटलं, ऊन आहे बाई, नाई ओळखू येत उन्हात माणूस. आणि लोटा मीच पिऊन टाकला, पाणी वाया कावून घालवाव.

मंग तू खांबापाशी गेला. वाकला असता, बोट लावलं असतं, तं तुले सारवण समजलं असतं. चार वर्षांचा होता तेव्हापासून माया अंगणात तू सारवण केलं आहे, अर्धं जमिनीवर आणि अर्धं स्वतःवर. तुया बोटाले त्याची ओळख आहे. पण तू वाकला नाई. मी बाजूलेच उभी होती, आजूक एकदा हाक मारीन अशी. तुले तिथून लवकर निघायचं होतं. खांबाचं निमित्त तं नंतर सुचलं तुले.

हे मी बायकांले सांगितलं नाई. त्यांले वाटते देवाचं चुकलं, सारवणाचं चुकलं. आपल्याच हाताले दोष देऊन राहिल्या. ममताले आत्ता समजलं, लिहिता लिहिता. तिचं लिहिणं चालू आहे.

होळीपासून मीच त्यांले म्हणत आली की खोदा, मोजायले माया नातू येणार आहे, तो बोटभर बी कमी लिहिणार नाई. माया शब्दावर खोदलं त्यांनी. आणि आजवर एकीनं मले टोमणा मारला नाई. पाण्याची गुंडी रोजच्यासारखी भरून दारात आणून ठेवतेत. मारला असता तं मी बी चार बोलली असती.

त्या खड्ड्यात माई एक टोपली माती नाई. मी पाणी पाजणारी. मोजायचं ते त्यांचं मोज.

शनिवारी सकाळी ये. मोठ्या साहेबाले बी आण. ममताले सांगून ठेवलं आहे, त्या दिवशी माई हजेरी लावायची नाई. पाणी दुसरी बाई देईन, तिच्या हातचं पिजो. मी घराचं दार लावून आत बसते. रस्त्यावरून बी दिसणार नाई. खांबापाशी खाली बस, सारवण फोड, गवत लागन तिथून टेप सोड, आणि ममतासमोर आकडा लिही.

मले ओळखाव लागणार नाई तुले. तेवढं मी करते.

किनारे झालेली,
मैनाबाई, पाणी पाजणारी
(अंगठा तिचाच आहे. — ममता)